पंधरा दिवसांची पाहुणी

श्रुतिका सुगंधाआत्याकडे आली ती सात मार्चला, पंधरा दिवसांसाठी. बॅगेत तीन ड्रेस, शाळेचा युनिफॉर्म, हॉल तिकीट, लिहायचं पॅड आणि कंपासपेटीत नाहूरच्या खोलीची किल्ली. किल्ली आईनं दिली होती. "एखादं पुस्तक राहिलं तर शेजारच्या द्रौपदीकाकूंना सांगून उघड, एकटी आत बसू नकोस," असं दोनदा बजावून. श्रुतिकाची दहावीची परीक्षा चालू होती आणि आईबाबा धाकट्या श्रेयसला घेऊन शिमग्याला गावी, रत्नागिरीकडे, निघाले होते.

दहावीच्या मुलीला सोडून कोणी शिमग्याला जातं का, हे आत्यानंही आपल्या भावाला विचारलं होतं. पण त्या वर्षीची गोष्ट वेगळी होती. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर फिरते, पण मुक्कामाला राहते ती ठरलेल्या घरीच. तो वस्तीचा मान त्यांच्या थोरल्या चुलत घराकडे होता. चुलतभाऊ वारले, त्यांना मुलगा नव्हता, आणि मान फिरून चंद्रप्रकाशकडे, म्हणजे श्रुतिकाच्या बाबांकडे आला. चंद्रप्रकाश भांडुपला औषधांच्या गोदामात खोकी चिकटवायचे. तिथे बारा वर्षांत त्यांना कोणी पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. गावात आता ते मानकरी होते.

"देव पहिल्यांदा माझ्या दारात राहणार आणि मी इथे चिकटपट्टी मारत बसू?" ते म्हणाले.

आई, जानकी, दोन दिवस भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी ती बाजारात जाऊन पालखीखाली अंथरायला नवी कोरी चादर घेऊन आली, तेव्हाच श्रुतिकाला कळलं की आपलं आत्याकडे राहायचं नक्की झालं.

आत्याचं घर घाटकोपरला भटवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर. काका महापालिकेच्या पाणी खात्यात, आतेभाऊ सुयोग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आत्या तोंडानं फटकळ, पण प्रत्येक पेपरला ती श्रुतिकाला बसनं मुलुंडच्या केंद्रावर घेऊन गेली आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाजवळच्या सावलीत पाण्याची बाटली घेऊन बसून राहिली. बाहेर आल्यावर प्रश्नपत्रिका हातातून काढून घ्यायची. "लिहिलंस ना सगळं? मग झालं. आता मार्क मोजत डोकं पिकवू नको. लिंबू सरबत घेणार?"

शनिवारी इतिहासाचा पेपर झाला. सोमवारी भूगोल, शेवटचा. भूगोल तिचा हातखंडा विषय. भारत आणि ब्राझील हे दोन देश तिनं असे पाठ केले होते की नकाशात डोळे मिटून मनौस शहर दाखवलं असतं. रविवारी रात्रीची आईबाबांची परतीची एसटी होती. म्हणजे पेपर सुटला की आत्याकडे नाही, सरळ घरी. तिनं बॅग शनिवारीच भरून ठेवली.

पण कोरोनामुळे तो पेपर शनिवारीच पुढे ढकलला गेला. रविवारी सगळं बंद राहिलं. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून आत्यानं पितळी परात लाटण्यानं बडवली, सुयोगनं तिचा व्हिडिओ काढला, सगळे खूप हसले. एसटी सुटलीच नाही.

"आठ दिवसांत होईल सुरळीत," बाबा फोनवर म्हणाले. आवाज खुशीतच होता. "अगं, पालखी काय बसली सांगू! आख्खं गाव दारात. देव घरात राहून गेलाय, आता आपल्याला कसली काळजी?"

श्रुतिकानं बॅग पुन्हा उघडली आणि एक ड्रेस बाहेर काढला.

एप्रिलमध्ये भूगोलाचा पेपर रद्दच झाला. बाकीच्या पेपरांवरून सरासरी काढून मार्क देणार म्हणे.

"फुकटचे मार्क! मजा आहे यार तुझी," सुयोग म्हणाला.

त्यानंतरही बरेच दिवस दुपारी ती ब्राझीलचा आराखडा काढून त्यात नद्या भरत असे. दुसरं करायचं काय? शाळा संपली होती आणि कॉलेज सुरू झालं नव्हतं. कुठल्याच वर्गात नाव नसलेली विद्यार्थिनी अशी तिची स्थिती झाली. सुयोगचे लेक्चर लॅपटॉपवर सुरू झाले, तेव्हा घरात सगळे चवड्यावर चालायचे, कुकरची शिट्टीसुद्धा बारानंतर. तो कॉटवर बसे. श्रुतिकाची जागा फ्रीज आणि भिंत यांच्यामधली. तिथे पाय दुमडून बसलं की मावत होतं, आणि कोणी फ्रीज उघडला की उठायचं.

काकांना रोज कामावर जावं लागे. ते परत आले की गॅलरीतच कपडे बदलत, कपडे साबणाच्या बादलीत, मग गरम पाण्यानं आंघोळ, तोवर कोणी जवळ जायचं नाही. ते कपडे सुरुवातीला आत्या धुवायची. मग एकदा तिची पाठ धरली म्हणून श्रुतिकानं धुतले. पाठ आठवड्यात बरी झाली. कपडे श्रुतिकाकडेच राहिले.

कोणी ठरवून केलं नाही हे. आत्या दुष्ट नव्हती. पण जी बाई घरात एक ताट वाढलंय हे कधी विसरत नाही, ती ते ताट घासायला कोण बसलंय हे हळूहळू विसरते. भाजी निवडणं, आणलेली प्रत्येक पिशवी मिठाच्या पाण्यानं पुसणं, दाराची कडी पुसणं, दूध तापवणं, एकेक काम श्रुतिकाच्या अंगाला चिकटत गेलं. ड्रेस तीनच होते. मेमध्ये ते दंडात घट्ट व्हायला लागले, तेव्हा आत्यानं आपले दोन जुने गाऊन आखूड करून दिले. त्या गाऊनमध्ये ती पाठमोरी उभी असली की काका कधी कधी "सुगंधा" म्हणून हाक मारत. मग "अरे, तू होय," म्हणत.

"श्रुतिका, तू किती चपात्या खाणार गं?" आत्या कणीक मळण्याआधी विचारायची.

मार्चमध्येही ती हेच विचारायची. तेव्हा श्रुतिका तीन म्हणाली की आत्या "दहावीची पोर, चार तरी खा," म्हणून तूप लावायची. मेमध्ये ती तीन म्हणाली की आत्या नुसतं "बरं" म्हणायची. जूनपासून श्रुतिका दोन म्हणायला लागली.

फोन दर रविवारी सकाळी व्हायचा, आत्याच्या मोबाइलवर. गावात रेंज धड नव्हती, निरोप कसाबसा पोचे; बोलायचं तर बाबा वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, चढून फोन करायचे. श्रुतिकाचा प्रश्न एकच. "मला न्यायला कधी येताय?"

आधी उत्तर होतं, लॉकडाउन उठू दे. मग, पास मिळत नाही. मग गोदामवाल्यानं बाबांना कामावरून काढल्याचं कळलं, आणि उत्तर बदललं. "आता नाहूरला येऊन खाणार काय आम्ही? इथे निदान घरचा तांदूळ आहे. लावणी होऊ दे, मग बघू."

आई फोनवर फारसं बोलायचीच नाही. "केस धुतेस ना? आत्याला उलटून बोलू नकोस हो," एवढंच. मागून श्रेयस ओरडायचा, "ताई, मी पोहायला शिकलो!"

जुलैच्या पहिल्या रविवारी बाबा आपणहून म्हणाले, "गणपतीला तूच ये. बारा तारखेच्या आत आलीस म्हणजे झालं, दहा दिवस शाळेत वेगळं ठेवतात, मग घरी. कोणाची तरी गाडी बघतो. नक्की."

"नक्की ना?"

"अगं, नक्की म्हणजे नक्की!"

त्या दिवशी श्रुतिकानं आत्याला न सांगता तीन चपात्या खाल्ल्या. आत्यानं बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

जूनपासून तिला आत्याचा मोबाइल दुपारी दोन ते तीन मिळत होता. शाळेच्या माने बाईंनी जुन्या मुलांसाठी अकरावीच्या गणिताचा ऑनलाइन वर्ग सुरू केला होता, आपल्या हौसेनं. दिवसातला तो एक तास श्रुतिका फ्रीजच्या फटीत, गाऊनवर ओढणी घेऊन, ताठ बसे. कॅमेरा बंद ठेवायची. मागे पिठाचा डबा आणि काकांची वाळणारी पॅन्ट दिसली असती. एकदा बाईंनी प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं, बरोबर आलं, आणि त्या आनंदात माइक बंद करायचा राहिला. पाठोपाठ स्वयंपाकघरातून आवाज आला, "श्रुतिका, मटकी निवडलीस का? आणि बादलीतले कपडे कोण धुणार, तुझा बाप येणार आहे का कोकणातून?"

वर्गात चौतीस मुलं होती. बाई हळूच म्हणाल्या, "श्रुतिका, माइक बंद कर बाळा." दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "मटकी आली का?" आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्यानंतर ती वर्गात बसायची, पण उत्तर देत नसे.

आत्याला तिनं हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत्यानं आधी त्या पोरांना शिव्या घातल्या असत्या, मग तिला म्हणाली असती, "मटकीच म्हणाले ना? त्यात काय एवढं?"

एकोणतीस जुलैला निकाल लागला. सत्त्याऐंशी टक्के. भूगोलाचे मार्क सरासरीनं आले, तेवढेच काय ते कमी. आत्यानं रव्याचे लाडू केले आणि सुयोगला म्हणाली, "बघ, फ्रीजच्या मागे बसून! आणि तू कॉटवर लोळून काय दिवे लावलेस?" बाबांनी निकालाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. 'ग्रामस्थ व मुंबई मंडळ' असा तो ग्रुप, आत्याचं माहेरचं गाव म्हणून तीही त्यात. बाबांनी खाली लिहिलं होतं, "देवाच्या कृपेने." शंभरेक लोकांनी हात जोडले होते. श्रुतिकानं त्यातला एकेक निरोप वाचला. गावी गेल्यावर कोणाकोणाच्या पाया पडायचं, ते तिला आता ठाऊक झालं. बॅग परत भरून झाली होती, सर्वांत वर चांगला ड्रेस.

पाच दिवसांनी, सोमवारी, बाईंचा वर्ग जोडायला म्हणून तिनं दोन वाजता मोबाइल घेतला, तर त्याच ग्रुपवर वीस-बावीस नवे निरोप होते. पहिला एका वहीच्या पानाचा फोटो. गावकीचा ठराव. गणपतीला मुंबईहून कोणीही गावात येऊ नये. कोणी आल्यास त्याच्या घराशी गावकीचा व्यवहार राहणार नाही व येत्या शिमग्याला पालखी त्या दारी जाणार नाही. ठराव एकमताने मंजूर. त्याखाली, सूचक: श्री. चंद्रप्रकाश, आणि बाबांची सही. शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं देण्याची त्यांची सवय होती. ती दोन टिंबं होती.

दुसरा फोटो देवळाच्या सभामंडपातला. माणसं अंतर ठेवून बसलेली, तोंडाला रुमाल, सगळ्यांचे हात वर. बाबा पुढच्या रांगेत, नवा सदरा, हात सर्वांत सरळ. पायरीवर श्रेयस पेरू खात होता.

वर्ग सुरू झाला, बाईंनी हजेरी घेतली. श्रुतिकानं हजेरी दिली नाही. ती मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली. आत्या लसूण सोलत होती. तिनं फोटोकडे नीट पाहिलंही नाही.

"मला सकाळीच कळलं," आत्या म्हणाली. "तुला कसं सांगायचं म्हणून गप्प बसले."

"बाबांनी मांडलाय."

"वाचता येतं मला."

आत्यानं हात पदराला पुसले आणि फोन लावला. दोनदा लागला नाही. मग सड्यावर ये म्हणून निरोप टाकला, आणि अर्ध्या तासानं तिसऱ्यांदा लावल्यावर लागला.

"दादा, काय रे हे? पोरीला गणपतीला ये म्हणून सांगतोस आणि इकडे सही ठोकतोस?" मग बराच वेळ ती ऐकत राहिली. "असं कसं कोणीतरी मांडायलाच हवं होतं? तूच कशाला?... हो, देवाला जागा दिलीस घरात, मोठं काम केलंस. पोरीला कुठे ठेवलंयस ते आहे का लक्षात?... माझ्याकडे आहे म्हणून काय झालं? माझ्याकडे आहे म्हणूनच बोलतेय मी!" आणि तिनं मोबाइल श्रुतिकाच्या हातात दिला.

"हे बघ बाळ," बाबा म्हणाले. सड्यावरचा वारा फोनमध्ये भरत होता. "सगळे म्हणाले, मुंबईत राहणाऱ्यानंच मांडलं तर मुंबईकरांना राग येणार नाही. मी नाही म्हणालो असतो तर म्हणाले असते, स्वतःची पोर आणायचीय म्हणून अडतोय. आत्ता कुठे मान आलाय घरात. आणि तुझी सोय आहे की तिथे. सुगंधा काही परकी आहे का?"

"नाही," श्रुतिका म्हणाली.

"मग? दिवाळीला बघू. रागावलीस?"

"नाही."

तिनं फोन ठेवला. मग बादलीतले काकांचे कपडे धुतले, पिळले, गॅलरीत वाळत घातले. संध्याकाळी आत्यानं कणीक काढली आणि सवयीनं विचारलं, "किती चपात्या?" श्रुतिका म्हणाली, "आत्या, मी नाहूरला जाते."

"कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. किल्ली आहे."

काका म्हणाले, सोळा वर्षांची मुलगी, एकटी, वेड लागलंय का? सुयोग म्हणाला, तिथे नेट नाही, मोबाइल नाही, क्लासचं काय करणार? अकरावीचा फॉर्म कशावर भरणार? हे खरं होतं. श्रुतिकाला ते सुयोगच्या आधी सुचलं होतं. आत्या कणीक मळत राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"लोक म्हणतील, आत्यानं घालवली," शेवटी ती म्हणाली.

"मी सांगेन, मीच गेले."

"सांगशील गं. ऐकणार कोण?" मग थोड्या वेळानं, "फॉर्म सुयोग भरेल. दर रविवारी जेवायला यायचं. नाही आलीस तर मी येऊन झिंज्या धरून आणीन."

बारा तारखेला, गावी पोचायची शेवटची तारीख होती त्याच सकाळी, आत्यानं तिला बसथांब्यावर सोडलं. पिशवीत लाडू, डाळ, कांदे, एक गाऊन, आणि बटणांचा जुना फोन. बस आली. एक सोडून एक सीटवर फुल्या मारलेल्या होत्या. पेपरला जाताना दोघी शेजारी बसायच्या. आत्या आत चढली नाही.

"पोचलीस की मिस कॉल दे," ती म्हणाली आणि बस निघायच्या आतच पाठ फिरवून चालायला लागली.

चाळीच्या गॅलरीत द्रौपदीकाकूंनी जाळीच्या दाराआडून पाहिलं. "कोण? श्रुतिका? अगं, केवढी झालीस! थांब, जवळ येऊ नको, यांना दमा आहे. आईबाबा कुठायत?"

"गावी."

"मग तू कशी काय?"

"घरी आले."

काकूंनी पाण्याची एक कळशी दाराबाहेर ठेवली, काठीनं पुढे सरकवली आणि दार लावून घेतलं.

कुलूप गंजलं होतं, पण उघडलं. आत कोंदट वास. आईनं जाताना भांडी पालथी घातली होती, ती तशीच. खिडकीतल्या डब्यातली तुळस काडी होऊन उभी. कॅलेंडर मार्चवर, तेवीस तारखेवर श्रुतिकानं लाल पेननं गोल केलेला, बाजूला लिहिलेलं, भूगोल. तिनं पंखा लावला. धुळीचा एक पुंजका तिच्या पायाशी येऊन पडला. तिनं केर काढला, फरशी दोनदा पुसली, मग भिंतीला टेकून पाय पूर्ण लांब करून बसली. पाच महिन्यांत ती अशी बसली नव्हती.

फोन वाजला. आत्यानं कळवलं असणार. बाबा सड्यावर धावत आले असावेत, धाप लागलेली होती.

"कोणाला विचारून गेलीस? एकटी मुलगी राहते म्हटल्यावर चाळीतले काय म्हणतील? गावात कळलं तर माझं नाव काय राहील? आत्ताच्या आत्ता सुगंधाकडे परत जा. मी सांगतोय म्हणून जा."

"मी आले बाबा घरी," ती म्हणाली. "तुम्ही या."

मग फोन कोणीतरी हातातून घेतल्याचा आवाज, आणि आई.

"श्रुतिका? मोठ्या डब्यात तांदूळ आहे बघ. किडे झाले असतील."

तिनं उठून झाकण काढलं. "झालेत."

"टाकून देऊ नकोस. चाळून घे, ऊन नाही तर पंख्याखाली कागदावर पसर, जातात. दोन पाण्यानं जास्त धू." आईचा आवाज खरखरीत झाला होता, सर्दी झाल्यासारखा. "गॅस सुरू केलास तर आधी खिडकी उघड."

"आई, एका माणसाला तांदूळ किती लावायचा?"

आईला हा हिशोब चौघांचा ठाऊक होता, पाहुणे आले तर सहांचा, पालखीच्या दिवशी दीडशे माणसांचाही तिनं न चुकता लावला होता.

"एकट्यापुरता मी कधी लावलाच नाही गं," आई म्हणाली. "बघ जरा अंदाजानं."

मग रेंज गेली. श्रुतिकानं फोन चटईवर ठेवला, वर्तमानपत्र पसरलं, त्यावर तांदूळ ओतला आणि एकेक किडा वेचायला बसली. पुरेसा उजेड होता.